आखूड जनुकाची लांबलचक गोष्ट

मंडळी, आज जरा मोठं लिहिणार आहे. चहा करून घ्या आणि मगच बसा.

माणसाच्या सतराव्या गुणसूत्रावर एक जागा अशी आहे, की तिथला डीएनए काहींच्यात लांब असतो आणि काहींच्यात आखूड. फरक किती? साधारण ४४ अक्षरांचा. आईकडून किंवा वडिलांकडून आलेली एक प्रत धरली तर ही पोथी तीन अब्ज अक्षरांची आहे. म्हणजे तालुक्याच्या गावच्या वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांत मिळून एक ओळ गळावी, तेवढा हा फरक. पण या गळालेल्या ओळीवरून पंधरा-वीस वर्षं काय काय सांगून झालं! कोण घाबरट, कोण खंबीर, कोणाला दुःख झेपेल आणि कोण त्याखाली मोडेल, इतकंच काय, कुठल्या देशातली माणसं एकोप्याने राहतात, हेसुद्धा. शेकडो शोधनिबंध निघाले. आणि मग लोकांनी नीट मोजलं.

त्या मोजणीपर्यंतची ही गोष्ट. सुरुवात मात्र सेरोटोनिनपासून करायला हवी, कारण ही ओळ त्याच्याशी जोडलेली आहे.

सेरोटोनिनला आपण हल्ली 'आनंदाचं रसायन' वगैरे म्हणतो, पण ते प्रथम सापडलं ते आतड्यात. १९३० च्या दशकात इटलीत पाव्हिया इथे व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत एक पदार्थ मिळाला. तो लावला की स्नायू आकुंचन पावत. त्यांनी त्याचं नाव 'एंटेरामीन' ठेवलं. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलंडला अर्व्हिन पेज हे रक्तदाबाच्या मागे लागले होते. रक्त गोठलं की वर राहणाऱ्या द्रवात, म्हणजे सीरममध्ये, रक्तवाहिन्या आवळणारं काहीतरी असायचं आणि ते त्यांच्या प्रयोगांत सारखं लुडबुड करायचं. मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि पेज यांनी १९४८ मध्ये तो लुडबुड्या वेगळा काढला. सीरममधला, ताण आणणारा, म्हणून सेरोटोनिन. नावात आनंदाचा मागमूस नाही! १९५२ पर्यंत कळलं, की इटलीतलं एंटेरामीन आणि अमेरिकेतलं सेरोटोनिन एकच. १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग या तरुण संशोधिकेने पेज यांच्याच प्रयोगशाळेत ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूत असल्याचं दाखवलं. त्याआधी त्या शिंपल्यांच्या स्नायूंवर काम करत होत्या. शिंपल्यातून थेट मेंदूत.

आजही आपल्या शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच असतं. मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख, मेंदूच्या देठात दाटीवाटीने बसलेल्या. पण त्यांचे तंतू मेंदूभर पसरतात. गावाबाहेरच्या एका टाकीतून घरोघरी नळ जावेत तसे. झोप, भूक, वेदना, भीती, मनःस्थिती, सगळ्या वाड्यांना याच टाकीचं पाणी.

इथे एक आपल्याकडचा धागा येतो, आणि तो मला फार आवडतो.

सर्पगंधा. बिहारात तिची मुळी 'पागल की दवा' म्हणून विकली जायची. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की ही मुळी वेडाच्या झटक्यावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला, आणि मग जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीने त्या मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, ते रेसर्पिन. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की रेसर्पिन दिलं की साठवलेलं सेरोटोनिन रिकामं होतं. त्याच सुमारास डॉक्टर सांगायला लागले होते, की रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात, रडतात.

झालं. दोन आणि दोन चार. सेरोटोनिन कमी, मन उदास.

गंमत अशी, की त्याच १९५५ साली लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड या दोघांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांनाच रेसर्पिन देऊन पाहिलं होतं, खोट्या गोळीशी तुलना करून. रेसर्पिनवाले बरे निघाले! म्हणजे सेरोटोनिन रिकामं करणाऱ्या औषधाने उदासी कमी झाली. 'लॅन्सेट'सारख्या नामवंत नियतकालिकात छापलेला निबंध, पण त्याच्याकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही. जुळणारी गोष्ट मिळाल्यावर न जुळणारा तुकडा कोण जपून ठेवतो? हा प्रकार लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

दुसऱ्या बाजूने पुरावा आला तो क्षयाच्या औषधातून. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात इप्रोनियाझिड दिलेले क्षयरोगी अचानक उत्साही झाले. हे औषध सेरोटोनिन मोडणाऱ्या एका विकराला, मोनोअमीन ऑक्सिडेजला, अडवतं. म्हणजे सेरोटोनिन वाढलं की मन वर येतं. या वाटेने चालत चालत १९८८ मध्ये प्रोझॅक अमेरिकेच्या बाजारात आलं. त्याचं काम समजून घ्यायला हवं, कारण आपली गळालेली ओळ तिथेच आहे.

मज्जापेशी आपल्या टोकाशी सेरोटोनिन सोडते. मधल्या फटीत ते पसरतं, पलीकडची पेशी निरोप वाचते, आणि मग पहिल्या पेशीवरचे बारीक पंप ते परत आत ओढून घेतात. निरोप संपला. प्रोझॅक आणि त्याची भावंडं या पंपांना बूच मारतात, त्यामुळे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ रेंगाळतं. हा पंप बनवायची कृती ज्या जनुकात आहे ते सतराव्या गुणसूत्रावरचं आपलं जनुक. आणि ती ४४ अक्षरं कृतीत नाहीत, कृतीच्या आधी आहेत. तिथे 'किती बनवायचे' हे ठरतं. नळाची चावीच म्हणा. लांब प्रत असेल तर पंप जास्त बनतात, आखूड असेल तर कमी. निदान काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये तरी तसं दिसलं. या जागेचं शास्त्रीय नाव ५-एचटीटीएलपीआर. एकदाच लिहितो, पुढे 'आखूड प्रत' आणि 'लांब प्रत' एवढंच म्हणू या. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यामुळे कोणी लांब-लांब, कोणी लांब-आखूड, कोणी आखूड-आखूड.

जर्मनीतल्या व्युर्झबुर्गचे क्लाऊस-पेटर लेश आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध छापला. ५०५ लोक, त्यांच्या स्वभावाची प्रश्नावली आणि डीएनए. आखूड प्रत असलेले लोक थोडे जास्त चिंताळू निघाले. थोडे म्हणजे किती, तर माणसामाणसांतल्या चिंताळूपणाच्या फरकातला ३ ते ४ टक्के वाटा या जागेचा. लेखकांनी हिशेबही मांडला, की एवढ्याच ताकदीची जनुकं धरली तर चिंताळू स्वभावामागे एकूण १० ते १५ जनुकं असतील. हा आकडा खिशात ठेवा.

हे वाचताना माझ्या मनात एक बाळबोध शंका आली होती, आणि ती अनेक संशोधकांनाही आली होती असं नंतर कळलं. आखूड प्रतवाल्यांकडे पंप कमी. म्हणजे त्यांच्या फटीत सेरोटोनिन जास्त रेंगाळणार. म्हणजे ही माणसं जन्मतःच थोडं थोडं प्रोझॅक घेतल्यासारखी असायला हवीत. मग ती उदास कशी? उत्तर असं दिलं गेलं, की गर्भात मेंदू घडत असतानाच पंप कमी असतील तर मेंदूची जडणघडण वेगळी होते. उंदरांवरच्या प्रयोगांत याला आधारही आहे. पण जिवंत माणसाच्या मेंदूत, स्कॅन करून पंप मोजले, तेव्हा आखूडवाल्यांत पंप खरंच कमी असतात का, यावर निकाल एकसारखे आलेच नाहीत. शिवाय २००६ मध्ये कळलं, की लांब प्रतीतही एका अक्षराचा फरक असलेला एक प्रकार आहे आणि तो आखूडसारखाच वागतो. म्हणजे आधीच्या अभ्यासांत 'लांब' म्हणून मोजलेले काही जण कामाच्या दृष्टीने आखूड होते. पाया असा, आणि वर मजले चढत होते.

२००२ मध्ये अहमद हरीरी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक मजला चढवला. घाबरलेले आणि संतापलेले चेहरे दाखवले की आखूडवाल्यांच्या अमिग्डलात (मेंदूतली भीतीची घंटा) जास्त हालचाल दिसते, असं त्यांना आढळलं. किती माणसं? २८. छापून कुठे आलं? 'सायन्स'.

आणि मग २००३. न्यूझीलंडमधलं डनेडिन.

हा अभ्यास मुळात फार सुंदर आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या काळात डनेडिनला जन्मलेली १०३७ मुलं तिसऱ्या वर्षापासून धरली, आणि दर काही वर्षांनी बोलावून त्यांचं सगळं तपासलं. दात, फुप्फुसं, बुद्धी, नोकरी, लग्न, मन. आता ती पन्नाशी ओलांडलेली माणसं आहेत. आवशलोम कास्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातल्या ८४७ जणांचं जनुक पाहिलं. १७ टक्के आखूड-आखूड, ५१ टक्के मिश्र, ३१ टक्के लांब-लांब. वयाच्या २१ ते २६ या काळात कोणाला किती धक्के बसले तेही मोजलं. नोकरी जाणं, कर्ज, घर सुटणं, आजार, प्रेमभंग. आणि सव्विसाव्या वर्षी डिप्रेशन कोणाला आहे ते पाहिलं.

निष्कर्ष असा: धक्केच बसले नाहीत तर आखूड असो की लांब, फरक नाही. पण चार किंवा अधिक धक्के बसलेल्यांत, आखूड प्रत असलेल्यांपैकी ३३ टक्के डिप्रेशनमध्ये गेले, आणि लांब-लांबवाल्यांपैकी १७ टक्के. आलेखात रेषा एका बिंदूतून सुटून पंख्यासारख्या उघडत गेलेल्या. तो आलेख ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरता आलेला नाही, मलाही नाही.

हे सगळ्यांना इतकं का आवडलं असेल? कारण त्याने एक जुनं भांडण मिटवल्यासारखं वाटलं. 'रक्तातच आहे' म्हणणारे आणि 'परिस्थितीने झालं' म्हणणारे, दोघांनाही त्यात जागा होती. जनुक म्हणजे ललाटलेख नाही, ते फक्त धक्का लागला तर किती लागेल ते ठरवतं. दोषही कोणाला नाही. ना आईबापांना, ना उदास माणसाला. इतकी समंजस, इतकी माणुसकीची गोष्ट विज्ञानातून क्वचित मिळते. 'सायन्स'ने त्या वर्षीच्या मोठ्या शोधांच्या यादीत मानसिक आजारांच्या जनुकांवरच्या कामाला दुसरं स्थान दिलं. मग 'ऑर्किड आणि डँडेलियन' आलं. काही मुलं रानफुलासारखी कुठेही उगवतात, काही ऑर्किडसारखी, हयगय झाली तर कोमेजतात आणि निगा राखली तर इतरांहून सुंदर फुलतात. २००९ मध्ये अमेरिकन मासिकांतून हे घराघरात पोचलं. २०१० मध्ये तर २९ देशांचे आकडे घेऊन कोणी लिहिलं, की जिथे आखूड प्रत जास्त (पूर्व आशियात ती युरोपपेक्षा बरीच जास्त आढळते) तिथे समूहाला धरून राहण्याची संस्कृती जास्त. एका गळालेल्या ओळीवर आख्ख्या संस्कृती! मला हे वाचून हसू आलं होतं. पण हसण्यासारखं ते नव्हतं, कारण लोक ते गंभीरपणे उद्धृत करत होते.

मोडतोड सुरू झाली ती त्याच सुमारास. जून २००९ मध्ये नील रिश, कॅथलीन मेरिकँगस आणि इतरांनी 'जामा'मध्ये १४ अभ्यास एकत्र केले, १४,२५० माणसं. धक्क्यांमुळे डिप्रेशन वाढतं, हे स्वच्छ दिसलं. आखूड-लांबचा काही संबंध दिसला नाही. ना एकट्याचा, ना धक्क्यांबरोबरचा. २०११ मध्ये मिशिगनच्या गटाने ५४ अभ्यास गोळा करून उलट सांगितलं, की संबंध आहे. मग वाद. तुम्ही धक्के नीट मोजले नाहीत, तुम्ही चुकीचे अभ्यास निवडले, वगैरे. आपल्याकडे भाऊबंदकीत सात-बाऱ्यावरून होतो तसा.

शेवटी काही लोकांनी एक शहाणपणाचं काम केलं. आकडे पाहण्याआधीच, आपण कसं मोजणार हे लिहून जाहीर केलं, आणि दोन्ही बाजूंचे गट त्यात घेतले. ३१ ठिकाणची माहिती, ३८,८०२ माणसं. २०१७ मध्ये निकाल आला: डनेडिनच्या आलेखाला भक्कम आधार मिळत नाही. असला तर परिणाम फार लहान आणि फक्त विशिष्ट परिस्थितीत. २०१९ मध्ये कोलोरॅडोच्या रिचर्ड बॉर्डर, मॅथ्यू केलर आणि इतरांनी शेवटचा खिळा ठोकला. डिप्रेशनची म्हणून गाजलेली १८ जनुकं घेतली, आपलं हे जनुक धरून. माणसं काही विश्लेषणांत ६२ हजार, काहींत ४ लाख ४३ हजार. ही अठरा नामवंत जनुकं, डोळे मिटून उचललेल्या कुठल्याही जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत.

हे झालं कसं? लबाडी कोणी केली नव्हती. आंब्याचं उदाहरण घेऊ. एका बागेतल्या दोन झाडांच्या आंब्यांत सरासरी एका ग्रॅमचा फरक आहे का, हे शोधायचंय. एकेक आंबा वीस-तीस ग्रॅमने इकडेतिकडे असतो. मग दोन पेट्या तोलून काय कळणार? ट्रकच्या ट्रक तोलावे लागतील. पण पेट्या तोलणारे वीस जण असतील तर निव्वळ योगायोगाने एकदोघांना फरक दिसेलच, आणि छापून त्यांचंच येईल. बाकीचे अठरा गप्प घरी जातील. किंवा पुन्हा पेटी उघडून म्हणतील, फक्त पिकलेले घेतले तर फरक दिसतोय हो. केलर आणि लॅरॅमी डंकन यांनी २०११ मध्ये मोजलं होतं, की जनुक आणि परिस्थिती यांच्या जोडपरिणामाचा नवा दावा करणाऱ्या निबंधांत ९६ टक्के 'सापडलं' म्हणतात, आणि तेच पुन्हा करून पाहणाऱ्यांत फक्त २७ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजेच या गोष्टीचा सारांश. पण माझी या शास्त्रज्ञांवर रागवायची इच्छा होत नाही. पंप खरा, औषध त्याच पंपावर काम करतं हे खरं, जनुक खरं. कोणीही तिथेच पहिल्यांदा शोधलं असतं. राग येतो तो २००९ नंतरच्या दहा वर्षांचा. इशारा मिळाला होता, तरी निबंध निघत राहिले.

आणि नुसते निबंध निघत राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका मावसबहिणीने मला एक पीडीएफ पाठवली. मुलीची जनुकचाचणी कुठल्याशा कंपनीकडून करून घेतली होती, कोणीतरी सवलतीचं कूपन दिलं म्हणून. केस, वजन, कॉफी पचते का, असल्या वीसेक गोष्टींच्या खाली एक ओळ: सेरोटोनिन पंप, आखूड-आखूड, ताण सोसण्याची क्षमता कमी. शेजारी लाल ठिपका. ताईचा प्रश्न एकच होता: "हिला हॉस्टेलला पाठवू की नको?" आमच्या आजोळच्या माणसांना 'हळवी' म्हणायची घरात जुनी पद्धत आहे (आजोळकरांनो, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे), त्यामुळे त्या लाल ठिपक्यात तिला आजी, मामा आणि धाकटी मावशी असे सगळे एका रांगेत दिसायला लागले होते. मी तिला वरची सगळी गोष्ट फोनवर सांगितली. शेवटी तिला पटलं ते डनेडिनच्या टक्क्यांनी. तिथेही सहातला एक आखूड-आखूड होता, म्हणजे पोरीच्या वर्गात साठ मुलं असतील तर दहाएक निघायला हरकत नाही, आणि त्या दहांना काय घरी बसवायचं? मुलगी गेली. हॉस्टेलच्या भाजीबद्दल सोडून तिची तक्रार नाही.

पण ताईचा मूळ प्रश्न खोटा नव्हता. मग घराण्यात काहीच येत नाही का? येतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून डिप्रेशनच्या प्रवृत्तीतला सुमारे ३७ टक्के वाटा आनुवंशिक धरतात. फक्त तो एका जनुकात बसलेला नाही. एखाददुसऱ्या अक्षराच्या चुकीने सेरोटोनिनचा कारभार पार बिघडतो, अशीही उदाहरणं आहेत, पण ती अतिशय दुर्मीळ. नेदरलँड्समधल्या एका कुटुंबातली स्त्री १९७८ मध्ये नायमेखेनच्या रुग्णालयात आली. तिच्या घरातल्या अनेक पुरुषांची बुद्धी थोडी कमी आणि अचानक हिंसक होण्याची खोड. तिच्याजवळ एका वडीलधाऱ्याने १९६२ मध्येच घरोघरी जाऊन लिहून काढलेली वंशावळ होती. हान ब्रुनर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दोष शोधला. मोनोअमीन ऑक्सिडेजच्या जनुकात एक अक्षर बदलल्याने ते विकर बनतच नव्हतं. हो, क्षयाच्या औषधाने अडवलेलं तेच विकर. ब्रुनर यांनी पुढे बजावलं, की 'हिंसेचं जनुक' असं काही नसतं. तरी २००९ मध्ये इटलीत त्रिएस्तेच्या न्यायालयाने एका खुन्याची ९ वर्षं २ महिन्यांची शिक्षा एका वर्षाने कमी केली, आणि त्यामागे मांडलेल्या पुराव्यांत याच जनुकाचा एक कमी ताकदीचा, लाखो साध्यासुध्या माणसांत असणारा प्रकार होता.

बाकी आपल्यासारख्यांचं काय? लेश यांचा १० ते १५ जनुकांचा आकडा खिशात ठेवला होता ना, तो आता काढा. कुठलंही जनुक आधी न निवडता सगळीच पोथी चाळायची, अशी पद्धत पुढे आली. २०१८ मध्ये डिप्रेशनशी जोडलेल्या ४४ जागा सापडल्या, २०१९ मध्ये १०२, आणि २०२५ मध्ये २९ देशांतल्या पन्नास लाखांवर माणसांची माहिती घेऊन जवळजवळ ७००. प्रत्येकीचा वाटा मुंगीएवढा. आणि आपला लाडका पंप या गर्दीत मानकरी म्हणून पुढे आलेला नाही.

पंपच नाही, तर सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन, हे साधं समीकरणही आता टिकलेलं नाही. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे एकत्र करून तसं लिहिलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. बरेच मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. (मग आम्हाला कोणी का नाही सांगितलं?) पण औषधं चालतात की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि इथे घाई नको. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण एकत्र करून २१ औषधं तपासली गेली, आणि सगळी खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. फार नाही, पण सरस. तेव्हा हे वाचून कोणी आपली गोळी बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. आणि एक गंमत: त्या गोळ्यांच्या बाबतीत जनुक खरंच उपयोगी पडतं, पण ते यकृतातल्या विकरांचं. काहींचं यकृत औषध झटकन मोडतं, काहींचं रेंगाळत. त्यावरून डोस ठरवायला २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आधार आहे. पंपाच्या आखूड-लांबवरून औषध ठरवायला त्याच मार्गदर्शिकेत पुरेसा पुरावा नाही. म्हणजे मनाचं जनुक शोधायला निघालो आणि हाताला लागलं यकृताचं.

असो. डनेडिनबद्दल एक सांगायचं राहिलंच. तो पंख्याचा आलेख गेला, तरी अभ्यास चालूच आहे. पंचेचाळिसाव्या वर्षीच्या फेरीला हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक आले होते. जगात कुठे कुठे पांगलेले, विमानाने आले. आमच्या घरच्या लग्नाला एवढी उपस्थिती नसते. २०२० मध्ये त्याच कास्पी-मॉफिट जोडीने तीस-पस्तीस वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या. एकाच गावात एकाच वर्षी जन्मलेली साधी माणसं, कुठूनही निवडून न आणलेली. पंचेचाळीस वर्षांपर्यंत त्यांच्यातल्या किती जणांना कधी ना कधी, निदान होण्याइतका मानसिक त्रास झाला होता? ८६ टक्के.

स्थळं बघताना 'घराण्यात कोणाला तसलं काही?' म्हणून विचारतात ना, त्या प्रश्नासाठी हा आकडा मी ताईला लिहून दिला आहे. तिची मुलगी आता तेवीस वर्षांची आहे.